मगदूमांच्या बंगल्यातली जुळणी

"बांगड्या कुठे गेल्या?" सन्मतींनी विचारलं.

मगदूम आण्णांच्या बंगल्यातल्या होम थिएटरमध्ये ते मधल्या सोफ्यावर बसले होते आणि मी मागे रॅकपाशी वाकून उभी होते. स्पीकरमधून एका स्वयंपाकघराचा आवाज येत होता. कढईत फोडणी तडतडली, नळ सुटला, ओट्यावर पोळपाट आपटला. मग उजवीकडून डावीकडे एक हात गेला, बांगड्यांसकट.

"आत्ता वाजल्या की," मी म्हटलं.

"छे. फोडणी वाजली, पोळपाट वाजला. बांगड्या नाहीत. फाइल कॉपी करताना काहीतरी गडबड केलीस तू."

"फाइल तीच आहे हो."

"मग परत लाव."

मी परत लावली. फोडणी, नळ, पोळपाट, बांगड्या. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि नकारार्थी हात हलवला.

त्या बांगड्या माझ्याच होत्या. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ओट्याच्या दोन बाजूंना दोन माइक लावून मला स्वयंपाक करायला सांगितलं होतं. उजव्या हातात काचेच्या, डाव्या हातात धातूच्या. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अरे, बायकोचा फोटो काढतात लोक." तेव्हापासून इचलकरंजीत त्यांनी जितकी थिएटरं लावली, त्या प्रत्येकाची शेवटची परीक्षा माझ्या स्वयंपाकानं व्हायची. गिऱ्हाइकाला स्फोट, घोडे, वादळ असलं काय काय ऐकवायचे, पण स्वतःचा विश्वास फक्त बांगड्यांवर. काचेची बांगडी काचेची वाटली नाही, तोवर ते घरी निघत नसत.

"अँप पटत नाहीये याला," ते उठत म्हणाले. "प्रोसेसर चांगल्या घरचा आहे गं. पण अँप सुस्त. बोलायचं म्हटलं की तोंडावर पदर घेतो."

साध्या घरात एकाच पेटीत सगळं भागतं. मगदूमांसारख्यांकडे दोन पेट्या वेगळ्या असतात. प्रोसेसर ठरवतो की कुठल्या स्पीकरला काय, किती आणि केव्हा पाठवायचं. पॉवर अँप त्या हुकमात ताकद भरतो. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले की जुळणी आली. प्रोसेसर देतो ते व्होल्टेज आणि अँपला हवं असलेलं व्होल्टेज यांचा मेळ बसला नाही, तर एक तर शांततेत फुसफुस ऐकू येते, नाहीतर अँप कधी पूर्ण जागाच होत नाही. इथवर माझं आणि सन्मतींचं एकमत होतं. पुढे ते म्हणायचे की प्रत्येक अँपला स्वभाव असतो. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. माझं म्हणणं, दोन चांगले अँप त्यांच्या मर्यादेत चालवले आणि आवाज सारखा ठेवला, तर डोळे मिटून कुणाला फरक सांगता येत नाही.

"आलेख तुझा, कान माझा," ते म्हणायचे, आणि वाद तिथे संपायचा.

एरवी मी त्यांच्या कामावर जात नसे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेले, कारण त्यांना पेट्या उचलवत नव्हत्या. त्यांना टीबी झाला होता आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला रोजचं एक इंजेक्शन सुरू केलं होतं. रोज सकाळी सिस्टर घरी यायच्या, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. बसताना ते खुर्चीच्या कडेवर तिरके बसायला शिकले होते. महिनोन्‌महिने घरात काढल्यावर थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली.

पण मधल्या काळात गावाला बातमी लागली होती. कामं दुसरीकडे गेली होती. बंद खोलीत, एसी लावून, तासन्‌तास एका क्षयरोग्याबरोबर कोण बसणार? बोलावलं ते एकट्या मगदूम आण्णांनी.

"हे काम चोख झालं पाहिजे पद्मा," सन्मती म्हणाले होते. "आण्णांच्या थिएटरात अर्धं गाव येऊन बसतं. ऐकतील आणि म्हणतील, चौगुले परत आला."

म्हणून पहिल्या दिवशी बांगड्या सापडेनात, तेव्हा आम्ही अँप बदलला. आमच्या दुकानातून दुसरा आणला. भरलेल्या सिलिंडरएवढं त्याचं वजन. मी आणि आण्णांचा ड्रायव्हर, दोघांनी धरून रॅकमध्ये सरकवला. मी सोफ्याच्या डोक्यापाशी माइक उभा केला, धबधब्यासारखा चाचणीचा एकसुरी खळखळाट सोडला आणि लॅपटॉपवर आलेख पाहिला. सपाट होता, म्हणजे डावीकडच्या जाड आवाजापासून उजवीकडच्या बारीक आवाजापर्यंत सगळं सारखं. पहिल्या अँपचाही सपाटच आला होता.

"दोन्ही सारखे आहेत," मी म्हटलं.

"दोन्ही सारखेच मेलेले आहेत," ते म्हणाले. "कशावर तरी ब्लँकेट टाकलंय बघ."

"मला बांगड्या ऐकू येतायत."

ते हसले. "तुला माहितीये ना त्या कुठे आहेत ते? म्हणून येतात. तूच शिकवलंस मला. माणसाला जे अपेक्षित असतं ते ऐकू येतं."

हे मीच शिकवलं होतं, हे खरं. माझ्याच काठीनं ते मला मारत होते आणि ती बरोबर बसतही होती. मला क्षणभर माझीच शंका आली.

तेवढ्यात आण्णा डोकावले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि आयुष्यभर यंत्रमागांच्या खडखडाटावर चढवत नेलेला आवाज. "काय चौगुले? जमतंय का न्हाई?"

"जमतंय आण्णा. थोडं बाकी आहे."

"मऊ नका करू बरं का. गेल्या टायमाला लोण्यासारखा करून ठेवलात. बाई काय बोलती, कळत न्हाई. आवाज कसा पायजे? खणखणीत! कानात गेला पायजे!"

"आण्णा, आवाज कानात जावा, कानाला लागू नये."

"लागू दे की! कान माझा, थेटर माझं!" आण्णा गडगडाटी हसले आणि गेले.

सन्मतींनी दार लावून घेतलं. "म्हाताऱ्याचे कान मागाखाली गेले. यांच्या पसंतीनं लावला ना, तर शेजारपाजारचे पोलिसांत जातील." मग जरा वेळानं, स्वतःशीच: "आपल्या गावात कानाचा डॉक्टरसुद्धा ओरडून बोलतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोसेसर बदलून पाहिला. नवीन प्रोसेसर, जुना अँप. मग नवीन प्रोसेसर, नवीन अँप. केबल बदलल्या. स्पीकर जरा आत वळवले. मध्येच थांबायचे, धाप लागली की सोफ्याच्या पाठीवर हात टेकायचे आणि मी पाहत नाहीये असं समजून श्वास मोजायचे. त्यांच्या खिशात जाड शिवणीचा एक रुमाल असायचा, तो तोंडाशी धरून खोकायचे. रिपोर्ट स्वच्छ होता, तरीही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गावात कुणीच घेत नसे असा एक अँप आणला, सगळ्यांत टोकदार स्वभावाचा. "हा भांडकुदळ आहे," ते म्हणाले, "पण बोलका आहे." आणि प्रोसेसरमध्ये जाऊन वरच्या पट्टीचा आवाज चढवत नेला. जरा, अजून जरा, अजून. मी कानांच्या मागे काहीतरी आवळल्यासारखी उभी. फोडणी तडतडली ती पत्र्यावर खिळे ओतल्यासारखी. बांगड्या दातांत गेल्या.

"आल्या," सन्मती म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झाला होता. "बघ. काच. स्पष्ट काच. म्हटलं नव्हतं? स्थळ चुकलं होतं फक्त."

मी आलेखाकडे पाहिलं. उजवीकडचं टोक डोंगरासारखं वर गेलं होतं.

"एक करायचं का?" मी म्हटलं. "डोळे मिटून बसा. मी कधी बांगड्या लावीन, कधी नाही. आल्या की हात वर करा."

"परीक्षा?"

"अपेक्षा असते म्हणून मला ऐकू येतात, असं म्हणालात ना? मग तो नियम तुम्हालाही लागू."

"वा. मास्तरीण." पण त्यांना तो खेळ आवडायचा. मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून ते ताठ बसले.

मी प्रोसेसर सकाळच्या, सरळ सेटिंगवर आणला. ट्रॅकमधला फक्त बांगड्यांचा तुकडा कापून घेतला होता, तो लावला. मला स्वच्छ ऐकू आला. हात वर गेला नाही. पुन्हा लावला. हात मांडीवरच. अंगठा तेवढा पँटच्या शिवणीवरून फिरत होता.

मग मी काहीच लावलं नाही. खोलीच्या भिंतींना फोम होता, एसी बंद होता. असली शांतता इचलकरंजीत विकत घ्यावी लागते. त्या शांततेत सन्मतींनी हात वर केला. उत्तर नक्की येतंय अशा मुलासारखा, सरळ, खात्रीनं.

"आल्या," ते डोळे मिटूनच म्हणाले.

हात खाली आला. मी तशीच उभी राहिले, काहीही न लावता. हात परत वर गेला.

"काय गं? बरोबर ना?"

"थांबा," मी म्हटलं. एवढंच म्हणू शकले, कारण दार उघडलं आणि आण्णा आत आले. मागून त्यांची सून शीतल आणि तिचं बोट धरून तिची लेक.

"चला, ऐकवा आज! लई झाली तयारी!"

सन्मतींनी डोळे उघडले, रिमोट घेतला आणि त्यांचं मघाचं सेटिंग परत लावलं. मी नको म्हणायला हात पुढे केला होता. त्यांनी तो पाहिला नाही, किंवा पाहिला आणि त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

फोडणी पडली. आण्णा सोफ्यावर पुढे सरकले. नळ सुटला. त्यांचं तोंड उघडं राहिलं. बांगड्या गेल्या, तसा त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आत्ता! आत्ता बसलं बघा! काय ओ चौगुले, हे आधी का न्हाई केलंत? बांगडी न्‌ बांगडी मोजून घ्या!" ते सुनेकडे वळले. "ऐकलंस का गं?"

"हो मामा. छान आहे," शीतल म्हणाली. ती अजून दाराजवळच होती.

"मम्मी, टोचतंय," लेक म्हणाली. तिनं दोन्ही तळहात कानांवर दाबले होते. "बंद कर ना. टोचतंय."

"गप गं," शीतल पुटपुटली आणि तिला पोटाशी धरलं. पण तिनंही खांदा वर करून एक कान त्यावर टेकवला होता.

"आजारानं शहाणं केलं तुम्हाला!" आण्णा खुशीत म्हणाले. "इतकी वर्षं बोंबलून सांगत होतो!"

सन्मती त्या मुलीकडे पाहत होते. मग शीतलच्या खांद्याकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी रिमोट हळूच सोफ्याच्या हातावर ठेवला.

"आण्णा," ते म्हणाले, "काचेच्या कुठल्या आणि धातूच्या कुठल्या, कळतं तुम्हाला?"

"कळतं की! न कळायला काय झालं?"

"बरं," सन्मती म्हणाले. "मग राहू दे असंच."

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. त्यांनी किल्ली लावली, फिरवली नाही. समोर बंगल्याच्या भिंतीवर कुठल्याशा वेलीला माळी पाणी घालत होता.

"मघाशी मी हात वर केला, तेव्हा तू काय लावलं होतंस?"

"काही नाही."

"दोन्ही वेळेला?"

"हो."

"पण मला ऐकू येत होतं." ते पुढे काचेकडेच पाहत होते. "बारीक, किणकिण. आत्तापण येतंय. घरीपण येतं. मला वाटायचं फ्रिज. इथे वाटलं अँपची फुसफुस." मग त्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडीचा आवाज आला तरी ती खरंच सुरू झालीय का हे पाहायला आधी स्टिअरिंगवर तळहात ठेवला.

मिरजेला दवाखान्यातच कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख स्वतः मागून घेतला. माझे आलेख ते कधी पाहत नसत. हा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिला. रेघ डावीकडून जरा चालत आली होती आणि मग कड्यावरून कोसळली होती.

"असा स्पीकर आला असता," ते म्हणाले, "तर मी पेटीसकट परत पाठवला असता."

डॉक्टर सरळ माणूस होते. "चौगुले, इंजेक्शन सुरू करताना मी सांगितलं होतं, की कानावर परिणाम होऊ शकतो. दर खेपेला विचारत होतो, कानाला काही त्रास? तुम्ही नाही म्हणत होतात."

"कानाला नव्हताच डॉक्टर," सन्मती म्हणाले. "अँपला होता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"परत येईल?" मी विचारलं.

"नाही. गेलेलं येत नाही. इंजेक्शन बंद केलं तरी काही काळ उतरत राहतं."

"आणि चालू ठेवलं तर?"

"आणखी जाईल. किती, ते सांगता येत नाही. समोरासमोर बोललेलं कळण्याइतकं राहिलं, तर बरं म्हणायचं."

"दुसरं काही औषध?"

"याच्या जागी देण्यासारखं आज माझ्या हातात काही नाही. आणि हे काढून घेतलं, तर नुसत्या गोळ्यांवर हा आजार आटोक्यात राहील असं मला वाटत नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोघं बोलून ठरवा. पण लवकर ठरवा. मध्ये खंड नको."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. समोरच्या गाड्यावर एक बाई पेरू कापून त्यांवर तिखटमीठ घालत होती. सन्मती बराच वेळ तिचे हात पाहत होते.

"तू सांग," ते म्हणाले.

"मी काय सांगू?"

"तू मोजून सांगतेस ना नेहमी? मग मोज."

मला वाटलं होतं ते भांडतील. मी त्यांच्या बाजूचे सगळे मुद्दे आधीच मनात मांडून ठेवले होते. कान गेले तर हा माणूस काय करणार, दुकान काय, गाव काय, सकाळी कशासाठी उठणार. आणि प्रत्येक मुद्द्यासमोर माझ्याकडे एकच उत्तर होतं, की आधी माणूस असायला हवा. ते उत्तर बरोबर होतं. अजूनही त्यात मला चूक काढता येत नाही.

"घ्या," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

भांडले नाहीत, रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा नेहमीसारखे पालथे झाले.

त्यानंतर आमच्याकडे फोनच फोन यायला लागले. मगदूमांच्या थिएटरात अर्धं गाव खरंच बसून गेलं होतं. सुताला खळ देणारे सायझिंगवाले, कापड रंगवणारे प्रोसेसवाले, जुने कारखानदार, सगळ्यांना तसंच हवं होतं. तोच प्रोसेसर, तोच भांडकुदळ अँप, तीच जुळणी. "चौगुल्यांना म्हणावं, आण्णांच्यासारखं करून द्या. पहिल्यांदाच सगळं कळलं." मी फोन धरून आत बघायची. सन्मती मान हलवून नाही म्हणायचे.

"का पण?" मी एकदा विचारलं. "त्यांना आवडतंय. तुम्हाला जमतंय."

"बहिऱ्यांच्या पंगतीत बहिरा वाढपी," ते म्हणाले. "नको."

आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल. मग फोनवरची माणसं गेली, मग शिकवणीला येणाऱ्या मुलींचे आवाज. मी शास्त्र शिकलेली. उंच पट्ट्या आधी जातात, खालच्या नंतर, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे पुढे काय जाणार ते मला दर वेळी आधीच कळायचं. रस्त्यावरून ट्रक गेला की ते मान वर करायचे. ट्रक त्यांना शेवटपर्यंत पोचला. माझा आवाज पातळ आहे.

दुकान त्यांनी विकलं नाही, फक्त उघडायचं थांबवलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात उपचार संपले आणि आम्ही शेवटच्या तपासणीला मिरजेला गेलो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला, जुना शेजारी लावला, आणि बोटानं दाखवत काहीतरी सांगू लागले. नेहमी गंभीर असणारा तो माणूस हसत होता. उठून त्यांनी सन्मतींचा हात हातात घेतला. सन्मतींनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बाहेर बाकं भरलेली होती. मास्क लावलेली माणसं, मांडीवर एक्स-रेची पाकिटं. दारातून बाहेर पडता पडताच त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"बरे झालात," मी म्हटलं.

त्यांनी कान माझ्याकडे वळवला. "काय?"

"बरे झालात तुम्ही!"

दोन-तीन माणसांनी वर पाहिलं. सन्मतींनी भुवया आक्रसल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोकं हलवलं. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, वर्गातसुद्धा नाही. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि घशातून निघेल तेवढ्या आवाजात ओरडले, "बरे झालात! आजार गेला! तुम्ही बरे झालात!"

अख्खा व्हरांडा शांत झाला. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं मास्क खाली करून आमच्याकडे पाहून हात जोडले. एक जण उठून उभाच राहिला, आणि त्याच्या शेजारची बाई आनंदानं रडायला लागली, जणू तिचंच माणूस सुटलं होतं.

सन्मतींनी त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग त्यांना वाटलं असावं की आपण बराच वेळ लावतोय, लोक खोळंबलेत.

"हो, हो," ते म्हणाले, आणि न ऐकू आलेला माणूस हलवतो तशी मान हलवून जिन्याकडे निघाले.